मानमोडी, आजी आणि एक तक्ता

रामबागेतल्या जुन्या वाड्यावर लिहिलं तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं, आजी मुंबईची ना, मग तिकडचं काही लिहा. लिहितो.

आजीचं माहेर गिरगावातलं. लग्न होऊन इंदूरला आली. 1918 साली ती तेरा वर्षांची होती. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. तिचा थोरला भाऊ त्यात गेला. गोष्ट सांगून झाली की शेवटी म्हणायची, "मानमोडीनं राव पाहिला नाही की रंक." पुढे साठ वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता. जुन्या साथींबद्दल वाचताना मुंबईचा 1918 चा तक्ता समोर आला. जन्म बँकेत गेलेला, त्यामुळे मजकुराआधी आकडेच बघतो. दर हजार माणसांमागे मृत्यू असे : युरोपियन 8.3, पारशी 9, मुसलमान 19.2, वरच्या जातींचे हिंदू 18.9. आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणत, ते हिंदू 61.6. बेरीज चुकली असेल असं वाटून पुन्हा पाहिलं. साहेबाच्या सातपटीहून जास्त, आणि आमच्यासारख्यांच्या तिपटीहून जास्त.

गंमत अशी की औषध कोणाकडेच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती. मग साहेब मलबार हिलवर वाचला कशाने? हवेशीर खोली, दूध, अंथरुणाशी बसून पाणी पाजणारा नोकर. गिरणगावात एका खोलीत दहा-दहा माणसं. सगळं घर एकदम तापाने पडलं तर पाणी देणार कोण? त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागलं, डॉक्टर बरेचसे लढाईवर. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात 768 माणसं गेली. देशात एक कोटीच्या वर. 1921 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या चक्क घटली, असं त्या एकाच दशकात झालं.

हे सगळं वाचून मी हळहळलो वगैरे, पण ते शंभर वर्षांपूर्वीचं होतं.

मग 2021 चा एप्रिल आला. आमच्या दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह. वरच्या मजल्यावर वेगळी खोली, संडास-बाथरूम लागून. डॉक्टर भाच्याचे मित्र, रोज फोनवर. मुलीने पुण्याहून ऑक्सिमीटर मागवून दिला. लसीचा पहिला डोससुद्धा मार्चमध्येच झालेला, नंबर तिनेच कॉम्प्युटरवरून लावला होता.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची एकच खोली, माणसं सहा. त्यांच्या नवऱ्याला ताप आला तेव्हा फोन आला, "बाबूजी, वो उंगलीवाली मशीन दो दिन के लिए मिलेगी क्या?" मी म्हटलं, हमें भी लगती है, थोड़ा रुको. खरं तर आमचा ताप उतरून आठवडा झाला होता. आकडा रोज 97 येत होता. तरी दिली नाही. भीती, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी हिने न विचारता मशीन पाठवून दिली. तेव्हा आकडा 78 आला. दोन हॉस्पिटलांतून "बेड नहीं है" ऐकून तिसऱ्यात जागा मिळाली, पण ते वाचले नाहीत. दोन दिवस आधी कळलं असतं तर? डॉक्टरांना मी विचारलेलं नाही.

बाई अजून आमच्याकडे येतात. त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही.

आजीच्या गोष्टीत आणखी एक माणूस होतं, ते मला फार उशिरा आठवलं. त्यांच्याकडे पाणी भरायला येणारी बाई. ती आणि तिची दोन्ही मुलं त्याच आठवड्यात गेली, असं आजी जाता जाता सांगायची. भावाचं नाव आमच्या वंशावळीत आहे. त्या बाईचं नाव आजीने सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही.