विकलेल्या शिडीची परत बोलावणी

वस्तू विकली, पैसे पदरात पडले, की विकणाराचा तिच्याशी संबंध तुटला, ही समजूत व्यापारी जगात फार जुनी आहे. पारखून घ्यावे हा उपदेश गिऱ्हाइकास. कारखानदारास उपदेश कोणताच नाही. ही समजूत पालटून, विकलेली वस्तू सदोष आढळल्यास ती कारखानदाराने घरोघरून परत मागवावी, येथपर्यंत मजल कशी गेली, हा अर्वाचीन इतिहासातील एक बोधप्रद भाग आहे. तो सांगण्यासाठी मोटारी व औषधे यांची उदाहरणे पुष्कळ सापडतील. आम्ही मात्र येथे घरातील साधी शिडी हाती घेतो. शिडीतील दोष बहुधा जमिनीवरून दिसत नाही, आणि तो प्रत्ययास येतो त्या क्षणी मनुष्य वर असतो.

आपल्या गावगाड्यात शिडी किंवा निसण करणारा सुतार गावातलाच असे. त्याचे बलुते खळ्यावर मिळावयाचे, आणि पायरी कच्ची निघाली तर तक्रारही त्याच्याच दारात जावयाची. शिडी परत मागवण्याचा वेगळा कायदा तेथे निरर्थक ठरला असता. कारण कर्ता आणि भोक्ता यांच्यामध्ये चार घरांचे अंतर होते. यंत्रयुगाने हे अंतर वाढवले. अमेरिकेत ओहायो प्रांतातील डेटन येथल्या जॉन बाल्स्ले या सुताराने १८६२ च्या जानेवारीत घडीच्या शिडीतील सुधारणेचे पेटंट मिळवले. पुढे अशा शिड्या कारखान्यांतून निघून दुकानदारांमार्फत अनोळखी घरांत जाऊ लागल्या. शिडीवर चढणारास करणाराचे तोंडही ठाऊक नाही, अशी अवस्था झाली.

कायदा मात्र जुन्याच जागी उभा होता. १८४२ साली इंग्लंडातील एका खटल्यात टपालाची घोडागाडी मोडून तिचा सारथी जायबंदी झाला. गाडीच्या देखभालीचा करार टपालखात्याशी होता, सारथ्याशी नव्हता. म्हणून त्यास दाद मिळाली नाही. करारात जो नाही त्यास दाद दिली तर दाव्यांना अंतच राहणार नाही, अशी भीती न्यायाधीशांस वाटली. या निर्णयाची सावली पुढे अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर दीर्घकाळ पडून राहिली.

तिला काही महत्त्वाचे तडे गेले ते, लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की उंचावर चढणाऱ्या श्रमिकांच्या खटल्यांत. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एका परांचीचे प्रकरण आले. न्यायमंदिराच्या घुमटाचा आतील भाग रंगवण्यासाठी सुमारे ९० फूट उंच परांची बांधली होती. दोरांनी आवळावयाचे जोड खिळ्यांवर भागवल्यामुळे ती ढासळली व एक कामगार मरण पावला. परांची बांधणाराचा करार रंगाऱ्याशी होता, कामगाराशी नव्हता. तथापि तिच्यावर माणसेच चढणार हे त्यास ठाऊक होते, म्हणून तो जबाबदार ठरला. दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, मिनेसोटाच्या न्यायालयापुढे प्रत्यक्ष शिडीच आली. तिचे लाकूड आडव्या रेषांचे व कुजके होते, आणि ते वैगुण्य रंग व व्हार्निश यांखाली झाकलेले होते, असा आरोप होता. पडलेल्या मनुष्याने ती विकत घेतली नव्हती. तो खरेदीदाराच्या चाकरीत होता. तरीही कारखानदारावर त्याचा दावा चालू शकतो असे न्यायालयाने ठरवले. १९१६ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी मोटारीच्या मोडक्या लाकडी चाकाविषयी जो सुप्रसिद्ध निवाडा दिला, त्यात परांचीच्या खटल्याचा आधार घेऊन हेच तत्त्व सर्वसामान्य करून टाकले.

परंतु या साऱ्या न्यायात एक मोठी उणीव होती. तो मनुष्य पडल्यावर जागा होई. हाड मोडल्यावर भरपाई मिळाली तरी त्याच घाण्यातून निघालेल्या इतर हजारो शिड्या इतर हजारो घरांत उभ्याच राहत, आणि त्यांच्या मालकांस सावध करणारे कोणी नसे. १९७० साली अमेरिकेतील राष्ट्रीय आयोगाने अहवाल दिला, की घरगुती वस्तूंशी संबंधित अपघातांत दरवर्षी सुमारे २ कोटी लोक जखमी होतात व सुमारे ३०,००० मरतात. त्यानंतर १९७२ मध्ये ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा होऊन एक कायम आयोग नेमला गेला. गंभीर धोक्याचा दोष कळताच आयोगास तत्काळ कळवावे, ही जबाबदारी कारखानदार, आयात करणारा व दुकानदार या सर्वांवर आली. पुढील नियमांनी त्यासाठी २४ तासांची मुदत घातली. दोष कळूनही गप्प बसणे हाच स्वतंत्र अपराध ठरला. आमच्या मते या इतिहासातील खरी क्रांती ही होय.

या व्यवस्थेखाली शिड्याही परत आल्या आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे ७८,००० शिड्या, वापरताना मोडण्याचा धोका आढळल्यामुळे, अमेरिकेत परत मागवण्यात आल्या. तथापि परत बोलावणे आणि परत येणे यांत अंतर आहे. मोटारीची नोंद सरकारदरबारी असते, म्हणून तिच्या मालकास पत्र धाडता येते. शिडीचा मालक कोण हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. शेजारी ती उसनी नेतो, घर बदलताना ती कोणास देऊन टाकली जाते. २००८ च्या सुधारणेने पाळणे, बाबागाड्या इत्यादी बालकांच्या वस्तूंबरोबर नोंदणीपत्र देणे सक्तीचे केले. शिड्यांस ती सक्ती लागू झाली नाही.

दुसरे वैगुण्य याहून गंभीर आहे. याच कायद्याच्या एका कलमान्वये एखाद्या कारखानदाराचे नाव घेऊन माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी आयोगास सामान्यतः त्यास आगाऊ सूचना द्यावी लागते व त्याचे म्हणणे ऐकावे लागते. १९८१ मध्ये ही बंधने अधिक कडक झाली. निराधार आरोपाने कोणाचा धंदा बुडू नये, हा हेतू रास्तच आहे. परंतु तो वाद चालू असता शिडीवर चढणारे चढतच असतात. मिनेसोटातील कुजके लाकूड व्हार्निशाखाली झाकले होते. येथे तेच काम दप्तरातील कागद करू शकतात.

आपल्या देशात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्रपणे मांडली, आणि २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास धोकादायक माल परत मागवण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार इष्टच आहे. परंतु वरील इतिहासाचा निष्कर्ष असा, की आदेशाचे सामर्थ्य तो शेवटच्या घरी पोचण्यावर अवलंबून असते. गावच्या सुतारास जे चार घरे चालून जाऊन सांगता येत असे, तेच हजारो घरांस सांगणे हे या कायद्यांचे खरे काम. पायरी मोडण्यापूर्वी ते सांगितले गेले नाही, तर १८९२ च्या न्यायालयाने जेवढे दिले त्याहून अधिक आपण काही दिले, असे म्हणवणार नाही.