परीक्षकांविना भिंत

जपानमध्ये १९०७ साली शिक्षण मंत्रालयाने ‘बुन्तेन’ हे सरकारी प्रदर्शन सुरू केले आणि नव्या चित्रकाराने परीक्षकांच्या हातूनच लोकांसमोर यावे, हा रिवाज रुजला. सरकारी अभिरुचीला कंटाळून निघालेल्या कलासंघांनीही पुढे आपापल्या निवडसमित्या नेमल्याच. या पार्श्वभूमीवर १९४९ साली ‘योमिउरी’ वृत्तपत्राने टोकियोतील उएनो येथील कलासंग्रहालयात भरवलेले ‘इंडिपेंडंट’ प्रदर्शन आम्हांला महत्त्वाचे वाटते. तेथे निवड नव्हती. जो येईल त्याला जागा होती.

या मोकळीकीचा अर्थ तरुणांनी शब्दशः घेतला. भिंतीवरच्या चित्रांशेजारी भंगार, दोऱ्या, घरगुती वस्तू येऊ लागल्या. १९६० साली तेत्सुमी कुदोच्या कामाविषयी लिहिताना समीक्षक योशिआकी तोनो यांनी ‘प्रतिकला’ हा शब्द वापरला, आणि तो साऱ्या पिढीला चिकटला. अखेर डिसेंबर १९६२ मध्ये संग्रहालयाने निषिद्ध वस्तूंची यादीच काढली: कर्कश आवाज, दुर्गंधी, धारदार पाती. मार्च १९६३ च्या पंधराव्या प्रदर्शनात गेन्पेइ आकासेगावाने हजार येनच्या नोटेचे हाताने रंगवलेले प्रचंड चित्र मांडले. पुढच्या वर्षी ‘योमिउरी’ने प्रदर्शन बंद केले. आकासेगावाने छापून घेतलेल्या एकरंगी नोटांवरून मात्र खटला उभा राहिला आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली.

पुढे २००२ साली ताकाशी मुराकामीने ‘गेइसाई’ ही नवोदितांची जत्रा सुरू केली. कलाशाळांच्या स्नेहसंमेलनाचेच हे नाव. तरुणाने भाडे भरून गाळा घ्यावा, दलालाविना आपले काम विकावे, अशी योजना होती. दार पुन्हा सर्वांना उघडे झाले. पण आत पारितोषिके होती, परीक्षक होते आणि प्रत्येक कलाकृतीला किंमत सांगावी लागत होती.

मुराकामीला दोष देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. पोट भरल्याशिवाय कला टिकत नाही, हे त्याने उघडपणे मान्य केले. तरीही दोन्ही दारांतला फरक विसरता येत नाही. उएनोच्या भिंतीवर न विकली जाणारी, सडणारी वस्तूही हक्काने मांडता येत होती; गाळ्याचे भाडे देणाऱ्याला ती चैन परवडणे कठीण. संग्रहालयाला जे काम यादी काढून करावे लागले, ते बाजार एक शब्दही न उच्चारता करतो.