निर्णय दिल्लीचा, जखम जवानाची

पिंपरी - पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे जाताना दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला, की खडकीची लष्करी हद्द सुरू होते. तेथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांच्या १,६६८ कबरी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर कोरलेली आहेत. त्याच आवारात पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील १९३ सैनिकांचेही स्मारक आहे. हे आफ्रिकी सैनिक ज्या युद्धासाठी येथवर आले, त्याविषयी त्यांच्या देशांना कोणी विचारले नव्हते.

भारतालाही विचारले गेले नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारत युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ बाळासाहेब खेर यांच्या मुंबई प्रांतातील मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले. युद्ध मात्र थांबले नाही. सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते आणि त्यांपैकी सुमारे ८७ हजार परतले नाहीत. परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य नसणे म्हणजे काय, याचा हिशेब या आकड्यांत आहे.

स्वातंत्र्यानंतर निर्णय दिल्लीत होऊ लागले. किंमत मात्र पूर्वीप्रमाणेच सैनिक मोजत राहिला. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्कराच्या ईएमई दलातील जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात कायमची राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्यांना टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पुणे प्रकल्पात नोकरी मिळाली. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची ओळख ज्या कारखान्यांमुळे झाली, त्यांतील हा अग्रणी.

उपचारांचा भाग म्हणून पेटकर पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेत जिंकली. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्णपदक. त्या दौऱ्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी पुढाकार घेतला होता, ही बाब सरकारी यंत्रणेला फारशी भूषणावह नाही.

पेटकर ज्या युद्धात जखमी झाले, त्याच युद्धाने परावलंबनाचा धडाही दिला. सप्टेंबर १९६५ मध्ये अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. अमेरिकी रणगाड्यांवर विसंबलेल्या पाकिस्तानला त्याची झळ अधिक बसली. पण भारताचे दुखणे धान्याचे होते. लागोपाठच्या दुष्काळांत पीएल-४८० योजनेच्या गव्हावर देशाची भिस्त होती. व्हिएतनामवरील बाँबहल्ले थांबवावेत, अशी भूमिका इंदिरा गांधी यांनी १९६६ मध्ये घेतली. आधीपासूनच हात आखडून गहू धाडणाऱ्या अध्यक्ष जॉन्सन यांना ती रुचली नाही. स्वतंत्र मत मांडायचे, तर कोठारात धान्य आणि कारखान्यात यंत्रे हवीत, हे तेव्हा दिल्लीला उमगले. १९७१ मध्ये अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले, तेव्हा हरितक्रांतीचा गहू हाताशी होता आणि ९ ऑगस्ट रोजी झालेला सोव्हिएत संघाबरोबरचा मैत्री करारही. अर्थात, एका महासत्तेचा दबाव टाळण्यासाठी दुसरीचा आधार घ्यावा लागला, हेही नाकारता येत नाही.

औद्योगिक पट्ट्यात या धड्याच्या खुणा दिसतात. दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने 'पिनाक' अग्निबाण प्रणालीच्या प्रक्षेपक वाहनाची निर्मिती केली. ही प्रणाली १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली. त्या युद्धात ५२७ भारतीय जवान हुतात्मा झाले.

युद्धाला नकार देणे हाही स्वतंत्र धोरणाचाच भाग. इराकवरील हल्ल्यानंतर अमेरिकेने भारताकडे सैन्याची मागणी केली. एप्रिल २००३ मध्ये संसदेने त्या हल्ल्याविरोधात ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' हा शब्द होता, इंग्रजीत त्याहून सौम्य. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठविण्यास नकार दिला. १९३९ मध्ये लिनलिथगो यांना जो प्रश्न कोणाला विचारावासा वाटला नव्हता, तो या वेळी संसदेत विचारला गेला.

जे जखमी झाले, त्यांचे पुढे काय होते? मणक्याच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी १९७४ मध्ये खडकीतच पुनर्वसन केंद्र सुरू झाले. चाकाच्या खुर्चीवरील जवान तेथे राहतात, खेळतात. काही जण तोंडात कुंचला धरून चित्रेही काढतात. युद्ध काही दिवसांत संपते, या खुर्च्या मात्र आयुष्यभराच्या असतात.

पेटकर यांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता. तो नाकारण्यात आला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती आला तो जानेवारी २०२५ मध्ये, सुवर्णपदकानंतर ५२ वर्षांनी.