सायकल तू हाणणार, मग पैसं त्यांनी का द्यायचं?

कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला मी तीनशे किलोमीटर सायकल चालवणार आहे, असं फोनवर सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "आरं, पण सायकल तू हाणणार, मग पैसं त्यांनी का द्यायचं?" मंगळवेढ्यात बसून विचारलेला हा प्रश्न बॉस्टनमधल्या माझ्या अख्ख्या टीमपैकी एकालाही पडला नव्हता. त्यांनी निमूटपणे क्रेडिट कार्डं काढली. माझ्या डोक्यात मात्र तो बसला, आणि सराव करायच्या वेळात मी इतिहास वाचत बसलो. (त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी गुडघ्यांनी भोगले, पण तो विषय वेगळा.) तर आजचं हे विकांताचं लिखाण त्या प्रश्नावर. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

राइडचं नाव पॅन-मॅस चॅलेंज. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दर वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी होते. रस्ते वेगवेगळे आहेत, पण मुख्य रस्ता स्टरब्रिज गावापासून थेट केप कॉडच्या टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला जातो. १९८० साली बिली स्टार नावाच्या माणसानं ही सुरू केली. त्याची आई कॅन्सरनं गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण होते आणि जमले १०,२०० डॉलर. २०२४ पर्यंत एकूण जमा रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. सगळा पैसा बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. यात एक भारी नियम आहे. प्रत्येकानं ठरावीक रक्कम जमवायचं आधीच कबूल करायचं, आणि कमी पडली तर उरलेले पैसे स्वतःच्या कार्डावरून कापले जातात. म्हणजे मी पहिल्याच चढावर आडवा झालो असतो तरी संशोधनाचं काही अडणार नव्हतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बस की घरी!" तर्काला तोड नाही.

गंमत म्हणजे त्याच १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स पळत होता. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला. एप्रिलमध्ये त्यानं अटलांटिकच्या किनाऱ्यावरून सुरुवात केली, कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग कॅन्सर फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. जून १९८१ मध्ये तो गेला, वय अवघं २२. देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा अशी त्याची इच्छा होती. तो जिवंत असतानाच, फेब्रुवारी १९८१ मध्ये, २ कोटी ४० लाखांचा आकडा पार झाला.

पण मुळं त्याच्याही मागं जातात. डेना-फार्बरमधले फार्बर म्हणजे डॉ. सिडनी फार्बर, बॉस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट. ल्युकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत जायचं. फार्बरनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला. जून १९४८ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. ते औषध आलं कुठून? लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, जिथले संशोधनप्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. ऑगस्ट १९४८ मध्ये ते वारले. ज्या संस्थेसाठी हजारो गोरे लोक सायकली मारतात, तिच्या पायात एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेचा दगड आहे, हे मी टीममध्ये सांगितलं. कुणाला माहीत नव्हतं. खरं तर मलाही महिनाभर आधीच कळलं होतं.

औषध होतं, पण पैसा नव्हता. २२ मे १९४८ ला एका रेडिओ कार्यक्रमातून फार्बरच्या वॉर्डातल्या बारा वर्षांच्या मुलाचा आवाज देशभर ऐकवला. त्याचं खरं नाव लपवून त्याला 'जिमी' म्हटलं. बेसबॉलच्या बॉस्टन ब्रेव्ज संघातले त्याचे लाडके खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत येत गेले. मग सूत्रसंचालकानं श्रोत्यांना आवाहन केलं, की जिमीला मॅचेस बघायला टीव्ही घ्यायचाय, पैसे पाठवा. दोन लाख डॉलरच्या वर जमले. त्यातून जिमी फंड उभा राहिला, जो आजही चालू आहे. जिमी वाचला! त्याचं खरं नाव आयनार गुस्ताफसन. १९९८ साली तो मध्यमवयीन ट्रक ड्रायव्हर म्हणून जगासमोर आला, तोवर बहुतेकांनी त्याला केव्हाच मेलेला धरलं होतं.

हे सगळं वाचल्यावर आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं असं मला वाटतं. लोक सायकलीचे पैसे देतच नाहीत. मागणाऱ्यानं आधी स्वतःचं काहीतरी पणाला लावलंय, एवढं त्यांना बघायचं असतं. घाम हे तारण आहे. आपल्याकडे आषाढीला लाखो माणसं पायी चालतात, पण त्या चालण्यावर कुणी कुणाकडे वर्गणी मागत नाही. ते कष्ट विठोबाच्या खात्यात जमा होतात आणि तिथंच राहतात.

आणि आमच्या गावचा दानाचा जो आदर्श आहे, त्यात कष्टाचा भागच नाही. मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. बहामनी राज्यातले इथले अधिकारी. भीषण दुष्काळ पडला, लोक तडफडू लागले, आणि पंतांनी सरकारी कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतंच, बिदरच्या बादशहाचं होतं. पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. पंतांना पकडून न्यायला शिपाई आले, आणि तिकडे विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात जाऊन धान्याची किंमत भरून आला. लहानपणापासून मला या कथेत एक तपशील भलताच आवडतो. देवानं पैसे भरले आणि *पावती घेतली*. इतिहास किती आणि दंतकथा किती यावर वाद घाला, पण कथा रचणाऱ्याला हिशेबाचं महत्त्व कळत होतं.

राइडच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी असतात. काहींच्या हातात 'तुमच्यामुळे मी जिवंत आहे' अशा पाट्या. बरेच स्वार आपल्या गेलेल्या माणसाचं नाव जर्सीवर लिहितात. मी देवनागरीत 'आत्या' लिहिलं होतं. पाणी प्यायला थांबलो तिथं एका आजीबाईंनी ते काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, वडिलांची बहीण. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, २०१६. त्या म्हणाल्या, "पण तो तर लवकर सापडतो ना?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला पुढचे दहा किलोमीटर दुसरं काही सुचलं नाही.

कारण तो लवकर सापडतो, आणि कसा सापडतो याचा जगातला एक सगळ्यात मोठा पुरावा आमच्या शेजारी तयार झालाय. मंगळवेढ्याहून बार्शी शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊनसुद्धा माझ्या राइडपेक्षा कमी.

बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी ते वाढवलं. १९८७ साली तिथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात नोंदणी सोपी असते, हॉस्पिटलांच्या फायली चाळायच्या. इथं पेशंट हॉस्पिटलात पोचतच नव्हता, त्यामुळे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलून नोंदी जमवत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, डेटा येईना म्हणून माणसं डेटाच्या दारात गेली. यात काही ग्लॅमर नाही. यासाठी कुणी सायकल मारत नाही.

या पायावर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत विभागलेले. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाला पेशींची (पॅप) तपासणी, एकाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था. म्हणजे माहिती सांगायची, चाचणी नाही.

निकाल २००९ मध्ये आले. आयुष्यात *एकदाच* एचपीव्ही चाचणी दिलेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू. चाचणी न दिलेल्या ३१,४८८ जणींत ६४. मृत्यू जवळजवळ निम्मे. बाकी दोन पद्धतींनी इथं ठळक फरक दिसला नाही (डोळ्यांनी तपासायच्या पद्धतीनं मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटाच्या वेगळ्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, तेही सांगायला हवं). आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागे या बायका आहेत.

त्या चौथ्या गटावरून पुढे बरीच टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे माहीत असताना हजारो बायकांना ती न देता नुसतं मोजत बसणं योग्य होतं का? अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी, की भारतात तेव्हा तपासणीची योजनाच नव्हती, त्यामुळे 'काहीच नाही' हीच नेहमीची व्यवस्था होती. दोन्ही बाजू वाचल्या. अभ्यास नसता तर पुरावा नसता, हे मला पटतं. पण ते ६४ मृत्यू एक्सेलमधल्या एका खान्यात बघताना पोटात कालवतं, हेही खरं. आणि जास्त राग येतो तो २००९ नंतरच्या वर्षांचा. आत्या त्या चौथ्या गटात नव्हती, आमचा तालुका अभ्यासात नव्हताच. पण निकाल छापून आल्यावर सात वर्षांनीही ती जगत होती ती चौथ्या गटासारखीच. अंगावरून जायला लागल्यावर दोन वर्षं ती कुणाला बोलली नाही, आणि बोलली तेव्हा तिसरी स्टेज होती.

म्हणून दामाजीपंतांची गोष्ट मला आता वेगळी दिसते. त्यांनी धान्य पिकवलं नाही की वर्गणी काढली नाही. कोठार भरलेलं होतं, कुलूप काढायचं होतं.

मी जमवलेला पैसा बॉस्टनला गेला याचं मला वाईट वाटत नाही. तिथं जे शोधलं जातं ते कधीतरी सगळ्यांच्या उपयोगी पडतं, सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतलं पडलं तसं. पण आपल्याकडे ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करायची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्येच आलीत. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती निघाल्या? शंभरात १.९.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्याच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, तपासणीला घेऊन गेलो. "तसलं काही नाही मला" पासून सुरुवात झाली, दोन दिवस गेले समजावण्यात. रिपोर्ट नॉर्मल आला. आता आळीतल्या अजून चौघीजणी यायचं म्हणतायत. संक्रांतीनंतर म्हणाल्या आहेत, बघू.