इंग्रजीच्या दोन भूतकाळांची कुळकथा

परप्रांतातील बदलीचे माझे पहिलेच वर्ष होते. एक साप्ताहिक विवरणपत्र वरच्या कचेरीस वेळेवर पोचले नाही, म्हणून मजकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. वस्तुस्थिती अशी की, माझ्या टेबलावरून ते दर सोमवारी जात असे. अडत होते ते पुढे. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले, 'आय वॉज सबमिटिंग द स्टेटमेंट रेग्युलरली.' कागद परत आला तो 'वॉज सबमिटिंग'खाली तांबडी रेघ घेऊन. समासात प्रश्न होता : सादर करीत होता, की सादर केले? माझ्या मनात 'मी नियमितपणे सादर करीत होतो' हे निर्दोष मराठी वाक्य होते. वाचणाऱ्यास त्यात काम हाती धरून पुरे न केलेल्या माणसाची कबुली दिसली.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना असा प्रसंग आला असेल. शाळेत आपण एक सोपे समीकरण पाठ करतो. 'लिहिले' म्हणजे 'रोट', 'लिहीत होता' म्हणजे 'वॉज रायटिंग'. हे समीकरण कोठे फसते, याचे उत्तर व्याकरणाच्या नियमांत शोधण्यापेक्षा दोन्ही भाषांच्या कुळकथेत शोधलेले बरे.

आल्फ्रेड राजाच्या काळी, म्हणजे ८७१ ते ८९९ या वर्षांत, इंग्रजी क्रियापदाला रूपाने दोनच काळ होते : वर्तमान आणि भूत. केले, करीत होता, करीत असे, हे तिन्ही अर्थ त्या एकट्या भूतकाळाने वाहावयाचे. 'वॉज'च्या पूर्वरूपापुढे 'एन्डे' प्रत्ययाचे धातुसाधित ठेवण्याची रचना तेव्हाही होती. ओरोसियसच्या लॅटिन इतिहासाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात ती वारंवार भेटते. परंतु क्रिया चालू असल्याचे दाखविण्यासाठी ती वापरलीच पाहिजे, असे बंधन नव्हते.

पुढे मध्ययुगात या 'एन्डे'ची जागा 'इंग'ने घेतली. हा 'इंग' मुळात नाम बनविणारा प्रत्यय. त्याच सुमारास 'ऑन हंटिंग', म्हणजे 'शिकारीवर असणे', अशीही एक बोलण्याची रीत होती. तिचेच झिजून 'अ-हंटिंग' झाले. आपल्याकडे 'पेशवे स्वारीवर होते' म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना. आजच्या चालू भूतकाळात यांपैकी कोणत्या प्रवाहाचे पाणी किती, यावर पंडितांचा वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, शेक्सपिअरच्या काळापर्यंतही हे रूप ऐच्छिक होते. १६०० च्या सुमाराच्या 'हॅम्लेट'मध्ये पुस्तक वाचीत असलेल्या राजपुत्राला पोलोनियस 'काय वाचता' हे साध्या वर्तमानकाळातच विचारतो. आज एखाद्या विद्यार्थ्याने तसे लिहिले, तर त्याचे गुण जातील.

सतराव्या-अठराव्या शतकांत या रूपाचा वापर वाढत गेला आणि एकोणिसाव्यात ते स्थिरावले. कर्मणी रूप तर फारच उशिरा आले. घर बांधले जात असेल, तर जुना इंग्रज 'द हाउस वॉज बिल्डिंग' म्हणे. जणू घर स्वतःच बांधीत आहे! 'वॉज बीइंग बिल्ट' या धर्तीची रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. तिचा एक प्रसिद्ध जुना दाखला रॉबर्ट साउदी या कवीच्या १७९५ च्या पत्रात आहे. आपल्या इतिहासात ते खर्ड्याच्या लढाईचे वर्ष. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनीही जॉर्ज मार्शसारखा अमेरिकन भाषापंडित या रचनेला ओबडधोबड ठरवीत होता. 'द मॅटर इज बीइंग एक्झामिन्ड' या वाक्यावर आपल्या कचेऱ्या चालतात. ती वाक्यरचना एवढी अर्वाचीन असेल, असे कोणास वाटेल?

तात्पर्य, इंग्रजीत साधा भूतकाळ हा वतनदार आणि चालू भूतकाळ मागाहून आलेला. नव्याने वतनाचा एक तुकडा तोडून घेतला : विशिष्ट क्षणी चालू असलेली, पुरी न झालेली क्रिया. तात्पुरता परिपाठ सांगण्यासही तो कधी चालतो. पण घडून गेलेली घटना, नित्याची सवय, आणि जाणणे, असणे, मालकी असणे यांसारख्या स्थिती, ही मोठी जमीन बव्हंशी जुन्याच मालकाकडे राहिली.

मराठीचा साधा भूतकाळ असा वतनदार नाही. संस्कृतातील भूतकाळाची क्रियापदे प्राकृतातून येता येता लोपली आणि 'गत', 'कृत' यांसारख्या धातुसाधितांपासून आपले 'गेला', 'केले' झाले. 'त्याने पत्र लिहिले' यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते ते म्हणूनच. पुरेपणा त्याच्या हाडीमासी आहे. सवय सांगावयाची तर ते अपुरे पडते. तेथे 'करीत असे', 'करीत होतो' किंवा जुने 'करी' लागते. ज्ञानदेवांच्या मराठीत 'करी' हा वर्तमानकाळ होता. तोच पुढे रीतिभूतकाळ झाला.

स्थितीचेही तसेच. 'मी त्यांना ओळखले' आणि 'मी त्यांना ओळखत होतो' यांत केवढे अंतर! इंग्रजी 'न्यू' हे दुसऱ्याचे भाषांतर, पहिल्याचे नव्हे. मग मराठी मनुष्य 'आय वॉज नोइंग हिम' लिहितो, यात नवल ते काय? शेजारच्या हिंदीभाषक सहकाऱ्यासही तेथे 'जानता था' म्हणावे लागते, 'जाना' म्हणून भागत नाही. म्हणून त्याची चूक आणि आपली चूक जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. तिला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. 'करीत होतो' आपल्याकडे दोन घरचा पाहुणा आहे, हे ध्यानात न घेता केलेले ते प्रामाणिक भाषांतर आहे.

दुसऱ्या खुलाशात मी 'सबमिटेड' लिहिले, पुढे 'एव्हरी मंडे' जोडले आणि जावक नोंदवहीतील क्रमांक तारखांसह दिले. खुलासा मान्य झाला. प्रश्न विचारणाऱ्या वरिष्ठांचे इंग्रजी बरोबर होते, हे कबूल. पण ती नोंदवही त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात पहिल्या दिवसापासून होती.