हिमालयीन गिर्यारोहणातील हिमस्खलनाचा धोका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कोल्हापूर परिसरात डोंगरभ्रमंतीची परंपरा दृढमूल आहे. सन १६६० मधील पावनखिंडीच्या संग्रामाचे स्मरण म्हणून दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड या मार्गावर पदभ्रमण मोहिमा निघतात व महाविद्यालयीन युवक त्यांत उत्साहाने सहभागी होतात. अलीकडे येथील युवकांना हिमालयही खुणावू लागला आहे. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी १४ मे २०२२ रोजी एव्हरेस्ट शिखर सर केले, ही या दृष्टीने उल्लेखनीय घटना होय. तथापि सह्याद्रीने दिलेली शिकवण हिमालयात अपुरी पडते. सह्याद्रीतील निसरडी वाट व सैल दरड पुष्कळदा डोळ्यांना दिसते; हिमाच्छादित उतारावरील धोका मात्र थरांखाली दडलेला असतो. या धोक्याकडे गिर्यारोहकांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा वेध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हिमस्खलनाचे स्वरूप :
डोंगरउतारावर हिम थराथरांनी साचते. एखादा थर दुर्बल राहिला आणि त्यावर नव्या हिमाचा किंवा वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाचा भार पडला, की वरचा थर एकसंध पत्र्याप्रमाणे घसरतो. अशी बहुतेक स्खलने साधारणतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस व तापमानातील अचानक वाढ हे विशेष धोक्याचे काळ होत. पुष्कळदा त्या उतारावरून चालणाऱ्या माणसाचा भारही स्खलनाचे निमित्त ठरतो.

इतिहासाची साक्ष :
एव्हरेस्टवरील १९२२ ची ब्रिटिश मोहीम या संदर्भात बोलकी आहे. नुकतीच मोठी हिमवृष्टी झालेली असतानाही ७ जून रोजी जॉर्ज मॅलरी यांच्या पुढाकाराने नॉर्थ कोलच्या उतारावर चढाई करण्यात आली. हिम घसरले आणि सात भारवाहक मृत्युमुखी पडले. चढाईतील तिन्ही ब्रिटिश गिर्यारोहक मात्र बचावले. निर्णय ज्यांचा होता ते वाचले. निर्णयात ज्यांना स्थान नव्हते ते गेले.

पुढे ब्याण्णव वर्षांनी, १८ एप्रिल २०१४ रोजी, खुंबू हिमप्रपातात वरून कोसळलेल्या हिमखंडांनी १६ नेपाळी कामगारांचा बळी घेतला. हा प्रकार थर घसरण्याच्या प्रकाराहून भिन्न होता. परंतु इतरांच्या शिखराची वाट तयार करणाऱ्यांनीच त्याची किंमत मोजली, हे साम्य दृष्टीआड करता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखराच्या परिसरात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले आणि पंचवीसहून अधिक जणांचा बळी गेला. प्रशिक्षणामुळे धोका नाहीसा होत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

ज्ञानाची वाटचाल :
भारतात हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे स्वतंत्र संरक्षण संशोधन संस्था उभी राहिली; २०२० मध्ये ती अन्य एका प्रयोगशाळेशी एकत्र करण्यात आली. या अभ्यासाची निकड मुख्यतः सीमेवरील सैन्याच्या गरजेतून निर्माण झाली होती. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये हिमाखाली गाडल्या गेलेल्या दहा जवानांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. म्हणजेच हा विषय आपल्या परिसराला परका नाही. युरोपात १९९३ पासून धोक्याचे पाच स्तर दर्शविणारी समान श्रेणी वापरली जाते व तिच्या आधारे प्रवाशांना इशारे दिले जातात.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, हिमाचे ज्ञान असणे आणि त्यानुसार माघार घेणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी, ‘आज जाऊ नये’ असे म्हणण्याचा अधिकार ओझे वाहणाऱ्यासही असला पाहिजे. हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे ही साधने प्रत्येकाजवळ असणे अगत्याचे आहे. महाविद्यालयीन साहस उपक्रमांत शिखर गाठणाऱ्यांचा गौरव अवश्य व्हावा. परंतु उताराचा कोन पाहून, नव्या हिमाचा अंदाज घेऊन वेळीच परत फिरणाऱ्या तुकडीचाही तितकाच सन्मान होणे आवश्यक आहे. तो होईल, तेव्हाच १९२२ च्या त्या सात भारवाहकांच्या मृत्यूपासून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.