राब आणि मातीतील अदृश्य सृष्टी

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. जव्हारचे नाव निघाले की चौदाव्या शतकात मुकणे घराण्याने स्थापिलेले संस्थान, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजीमहाराजांचा तेथे झालेला मुक्काम आणि १९४८ मधील विलीनीकरण, इतके सांगून बखर मिटविली जाते. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत मनुष्य आणि माती यांच्यामध्ये चालत आलेला एक व्यवहार असा आहे की, त्यासाठी सरकारदरबारी वाद झडले, चौकशीमंडळ बसले आणि रसायनशाळांतून प्रयोगही झाले. तो व्यवहार म्हणजे राब.

भात, नागली अथवा वरई यांची रोपे जेथे वाढवावयाची, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यावयाचा; त्यावर ऐनाच्या व इतर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत रचावयाचे; वरून थोडी माती पसरावयाची आणि वाऱ्याचा रोख पाहून आग अशी लावावयाची की, ती भडकू नये, धुमसत राहावी. पाऊस आला की त्या भाजलेल्या जमिनीत उगवणारी रोपे गर्द हिरवी व जोमदार निघतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर या सर्वांच्या शेतीचा प्रारंभ राबापासून होतो.

एकोणिसाव्या शतकात या प्रथेवर गंडांतर आले. जव्हार राजाच्या अमलाखाली होते, परंतु मोखाडा इंग्रजी मुलुखात, ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८७८ चा जंगलविषयक कायदा झाल्यावर राखीव रानातील फांद्या तोडणे हा अपराध ठरू लागला. राब म्हणजे अडाणी लोकांनी वनश्रीची चालविलेली राखरांगोळी होय, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत होते. रयतेचे उत्तर सरळ होते: राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर पोटाला अन्न नाही. गाऱ्हाणी इतकी वाढली की, १८८५ मध्ये मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल-कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे हेही ध्यानात ठेविले पाहिजे की, त्याच काळात मुंबई शहराचे जळण आणि इमारती लाकूडही ठाण्याच्या रानांतूनच जात होते. कुऱ्हाड एकट्या आदिवासीच्या हाती नव्हती. दोष मात्र पुष्कळदा त्याच्याच माथी बसे.

राब ही नुसती रूढी, की तिच्यात काही तथ्य आहे, हा प्रश्न पुढे शास्त्राच्या हाती गेला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह राबाचा अभ्यास करून १९१२ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे मॅनसाहेबांचे नाव महाराष्ट्रास परिचित आहे; हे काम त्याच्याही आधीचे. कोडे असे होते: राखेत पोटॅश, चुना, फॉस्फरस ही द्रव्ये असतात, परंतु नायट्रोजनचा बराचसा भाग धुराबरोबर उडून जातो. मग रोपांस तो गर्द हिरवा रंग येतो कोठून? मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी राखेचा गुण आणि उष्णतेचा गुण निरनिराळा करून पाहिला. राखेचा उपयोग खराच. पण जमीन तापण्याचाही मोठा वाटा त्यात आहे, असे दिसून आले.

उष्णता मातीत काय करते, याचा शोध इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे चालू होता. १९०९ मध्ये रसेल आणि हचिन्सन यांनी दाखविले की, माती तापविली म्हणजे तिच्यातील जंतू प्रथम कमी होतात, परंतु पुढे पूर्वीहून कितीतरी अधिक वाढतात आणि अमोनियाही विपुल तयार होतो. जंतूंना खाऊन टाकणारे मोठे सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात, म्हणून असे घडते, ही त्यांची उपपत्ती होती. ती पुढे अपुरी ठरली. त्याच संस्थेतील जेंकिन्सन व पॉल्सन यांच्या १९७६ मधील संशोधनाने असे दिसले की, मातीची धुरी देऊन जे असंख्य सूक्ष्मजीव मारले जातात, त्यांची कलेवरे हेच वाचलेल्यांचे अन्न होते. तापविलेल्या मातीसही हाच न्याय मोठ्या अंशी लागू पडतो. त्या कलेवरांत साठलेला नायट्रोजन मोकळा होतो आणि रोपाच्या मुळांशी पोहोचतो. थोडक्यात, राबाचे रोप मेलेल्या एका सृष्टीवर पोसले जाते.

ही सृष्टी केवढी आहे, याची कल्पना जुन्या संशोधकांस नव्हती. काचेच्या तबकडीवर जे जंतू वाढतील तेवढेच त्यांना मोजता येत. आणि मातीतील शंभरांत एकही त्या तबकडीवर क्वचितच वाढतो. १९९० मध्ये नॉर्वेच्या विग्दिस तोर्स्विक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनातील मातीतून थेट डीएनए वेगळा काढून तपासला, तेव्हा एका लहानशा नमुन्यात सुमारे ४००० निरनिराळ्या जंतुप्रकारांइतके वैविध्य आढळले. चिमूटभर मातीत अब्जावधी जीव! त्यांतील काही पाने कुजवितात, काही हवेतील नायट्रोजन बांधून ठेवितात; काहींमुळे पहिल्या पावसाचा मृद्गंध दरवळतो.

आता जुन्या वादाचा न्याय कसा करावा? रयतेचा दावा खरा होता. राब हे अज्ञान नव्हे. तणांचे बी जाळणारी आणि रोपाला ऐन वेळी अन्न पुरविणारी ती अनुभवसिद्ध विद्या आहे. आगीची धग जमिनीत खोल जात नाही आणि राबाचे गुंठेही थोडे असतात. परंतु त्या गुंठ्यांसाठी पाला जेथून गोळा होतो ते क्षेत्र कितीतरी मोठे, आणि खरी तूट तेथे पडते. रानातील गळलेले पान हे तेथील जंतूंचे अन्न. ते वर्षानुवर्षे उचलले गेले तर ती सृष्टी उपाशी राहते, उतार उघडे पडतात आणि शंभर इंचांहून अधिक कोसळणारा पाऊस माती वाहून नेतो. अधिकाऱ्याने वृक्ष पाहिले, शेतकऱ्याने रोप पाहिले. दोघांच्या मधली माती मात्र फिर्यादीत कोणीच मांडली नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा रानावरील हक्क मान्य केला आहे, आणि राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे वाढविण्याचा सल्ला शेतकी खातेही देते. सल्ला चांगला आहे; परंतु गादीवाफ्याला खत लागते, खताला पैसा लागतो आणि राबाला लागतात ते केवळ हात. हा हिशेब बाजूस ठेवून पाड्यावरील माणसास शहाणपण शिकवू पाहणारा १८८७ पूर्वीच्या अधिकाऱ्यांचीच री ओढील. रान राखावयाचे असेल, तर ज्याच्या पोटाशी ते बांधलेले आहे त्याच्या खताची तरतूद प्रथम झाली पाहिजे. मग पायांखालची ती अदृश्य प्रजा आपली व्यवस्था आपण पाहून घेईल.